जुनी गाडी घेताना: मॅन्युअल की ऑटोमॅटिक?



ट्रान्समिशनचे प्रकरण शिकवून झाले की वर्गात दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "सर, घरी जुनी गाडी घ्यायची आहे. मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक?" विचारणारा बहुधा स्वतःसाठी विचारत नसतो. घरात पहिली चारचाकी येणार असते, आईवडिलांनी काही वर्षे साठवलेले पैसे त्यात जाणार असतात आणि "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग तूच बघ" असे म्हणून जबाबदारी तुमच्यावर टाकलेली असते. परीक्षेत या प्रश्नाला दहा गुण असतील. घरी मात्र चार-पाच लाखांचा मामला असतो.

आपण नेहमी आरामाची आणि मायलेजची तुलना करून थांबतो. नव्या गाडीसाठी तेवढे पुरते, जुन्या गाडीसाठी पुरत नाही. जुनी गाडी घेताना आपण गिअरबॉक्सबरोबर त्याची झालेली झीजही विकत घेतो. म्हणून या टिपणात एकच कसोटी धरून पुढे जाऊ: झीज किती झाली आहे ते मला घेण्यापूर्वी तपासता येते का, आणि अंदाज चुकला तर दुरुस्तीचा खर्च मला झेपेल का?

या टिपणातून शिकायचे मुद्दे:
१. मॅन्युअलमध्ये झीज कुठे आणि का होते, याचे साधे गणित
२. 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली येणारी चार वेगवेगळी यंत्रे
३. दुरुस्तीच्या जोखमीचा हिशेब
४. गाडी चालवून बघताना करायच्या चाचण्या
५. स्वतःच्या गरजेनुसार निवड

१. आधी थोडी उजळणी

पेट्रोल इंजिन अगदी कमी फेऱ्यांवर जोर देऊ शकत नाही आणि शून्य फेऱ्यांवर तर ते बंदच पडते. गाडीला मात्र शून्यापासूनच निघायचे असते. त्यामुळे इंजिन आणि चाके यांच्यामध्ये दोन कामे करणारी यंत्रणा लागते. पहिले काम म्हणजे इंजिन फिरत असताना चाके थांबलेली ठेवणे आणि मग दोघांची हळूहळू गाठ घालून देणे. दुसरे काम म्हणजे वेगानुसार गुणोत्तर बदलणे.

मॅन्युअल गाडीत पहिले काम क्लच करतो आणि दुसरे दातेरी चाकांची पेटी. ही दोन्ही कामे आपण डाव्या पायाने आणि डाव्या हाताने करवून घेतो. ऑटोमॅटिकमध्ये तीच दोन कामे यंत्र स्वतः करते. कसे करते, यावर प्रकार ठरतो, आणि प्रकारावर झीज ठरते.

२. मॅन्युअल: झीज कुठे जाते?

मॅन्युअल गिअरबॉक्समधली दातेरी चाके तेलात बुडालेली असतात आणि नीट वापरली तर फार टिकतात. खरी झीज क्लचप्लेटची होते, कारण ती घासण्यासाठीच बनवलेली आहे. ही झीज किती, ते आकड्यांत पाहू.

समजा, माणसांसह गाडीचे वजन १,१०० किलो आहे. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आणि शेवटच्या गिअरजोडीचे ४.३, म्हणजे एकूण सुमारे १५. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर. इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर, म्हणजे सेकंदाला १५७ रेडियनवर स्थिर ठेवून तुम्ही क्लच सोडता. क्लच पूर्ण पकडतो तेव्हा गाडीचा वेग होतो:

१५७ ÷ १५ × ०.३ = सुमारे ३.१४ मीटर प्रति सेकंद (ताशी ११ किलोमीटरच्या आसपास)

गतिज ऊर्जा = ½ × १,१०० × ३.१४² = सुमारे ५.४ किलोज्यूल

आता लक्ष द्या. पकड बसेपर्यंत इंजिन पूर्ण वेगाने फिरत असते, पण पुढची बाजू शून्यापासून वाढत असते, म्हणजे तिचा सरासरी वेग निम्मा असतो. टॉर्क दोन्हीकडे सारखाच. म्हणून इंजिनाने दिलेल्या कामातले निम्मे गाडीला मिळते आणि निम्मे क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. थोडक्यात, गाडीला ५.४ किलोज्यूल दिले की क्लचप्लेटही तेवढीच उष्णता सोसते.

हीच गाडी दुसऱ्या गिअरवर उचलली तर? दुसऱ्याचे गुणोत्तर १.९ धरा. वेग ३.५ ÷ १.९ पट होतो आणि ऊर्जा त्याच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ ३.४ पट. "दुसऱ्यावर उचलू नकोस" असे ड्रायव्हिंग शिकवणारे काका ओरडतात, त्यामागे हे गणित आहे.

शहरातल्या कोंडीत दिवसाला १०० वेळा थांबून निघालात तर ५४० किलोज्यूल उष्णता त्या छोट्याशा प्लेटवर जाते. एवढ्या उष्णतेत खोलीच्या तापमानाचे पावणेदोन लिटर पाणी उकळीला येईल.

चढावर तर आणखी वाईट. दहास एक असा चढ आहे आणि तुम्ही ब्रेक न लावता 'हाफ क्लच'वर गाडी धरून ठेवली आहे. गाडी मागे ओढणारे बल सुमारे १,०८० न्यूटन. चाकावरचा टॉर्क १,०८० × ०.३ = ३२४ न्यूटन-मीटर. क्लचवर त्याचा पंधरावा हिस्सा, म्हणजे सुमारे २१.६. त्याला १५७ ने गुणले की ३,४०० वॅट होतात. गाडी जागची हललेली नाही, म्हणजे हे सगळे क्लचमध्येच जळते आहे. घरातल्या तीन इस्त्र्या एकदम लावल्यासारखे! दहा सेकंदांत सहा वेळा गाडी उचलण्याइतकी झीज होते.

यातून जुन्या गाडीबद्दल काय कळते? ओडोमीटरवरचा आकडा क्लचचे वय सांगत नाही. नागपूर-हैदराबाद महामार्गावर ८०,००० किलोमीटर धावलेल्या गाडीचा क्लच बंगळुरूच्या कोंडीत ३०,००० किलोमीटर रखडलेल्या गाडीपेक्षा चांगला असू शकतो. म्हणून विकणाऱ्याला "किती चालली?" यासोबत "कुठे चालली आणि कोण चालवत होते?" हेही विचारा.

मॅन्युअलची जमेची बाजू अशी की ही झीज लपत नाही. क्लच घसरतो, पेडल वर येते, गिअर टाकताना खरखर होते. आणि क्लचप्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग असा संच बदलणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतो.

३. 'ऑटोमॅटिक' एक नाव, चार यंत्रे

जाहिरातीत नुसते 'ऑटोमॅटिक' लिहिलेले असते. तुम्ही तिथे थांबू नका. पुढच्या चारांपैकी कोणते, हे आधी शोधा.

एएमटी: हा आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. तोच क्लच, तीच दातेरी चाके. फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा आणि संगणक बसवलेला असतो. भारतात स्वस्त गाड्यांमध्ये हा प्रकार २०१४ साली मारुती सुझुकी सेलेरिओबरोबर आला आणि पाठोपाठ इतर कंपन्यांनीही आणला. मारुती त्याला एजीएस म्हणते. ओळखायची सोपी खूण अशी की आपल्याकडच्या बहुतेक एएमटी गाड्यांच्या लिव्हरवर 'पी' नसतो; 'आर', 'एन', 'डी' असतात. वर केलेले क्लचचे सगळे गणित इथे जसेच्या तसे लागू पडते. क्लच झिजतोच, शिवाय तो हलवणारी यंत्रणा बिघडू शकते. बदली क्लच बसवल्यावर संगणकाला नवी पकड 'शिकवावी' लागते. त्यामुळे स्कॅनर नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम नीट होत नाही.

टॉर्क कन्व्हर्टर: यात क्लचप्लेटऐवजी तेलाने भरलेला डबा असतो. इंजिनाला जोडलेले पंखे तेल फेकतात आणि समोरचे पंखे त्या जोराने फिरतात. मधला स्टेटर तेलाची दिशा वळवून निघतानाचा टॉर्क वाढवतो, सुमारे दुपटीपर्यंत. कोंडीत थांबून निघताना जी झीज मॅन्युअलमध्ये प्लेटची होते, ती इथे तेलाच्या उष्णतेत जाते आणि तेल कूलरमध्ये थंड होते. म्हणून हा प्रकार शहरी छळ चांगला सोसतो. टोयोटा इनोव्हा क्रिस्टा आणि मारुती अर्टिगा यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्यांत तो आहे. अट एकच: तेल. आतल्या क्लचची जोडणी, झडपा, वंगण, थंडावा हे सगळे त्या एका तेलावर चालते. तेल जुने झाले की सगळेच बिघडू लागते.

सीव्हीटी: यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांच्यामधून जाणारा पोलादी पट्टा असतो. पुल्या रुंद-अरुंद होतात आणि गुणोत्तर सलग बदलत जाते. २०१४ पासूनची होंडा सिटी आणि २०२२ पूर्वीची बलेनो यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्यांत सीव्हीटी आहे. चालवायला फार गुळगुळीत. पण पट्टा आणि पुली यांच्यातली पकड विशिष्ट तेलावर अवलंबून असते. "कुठलेही ऑटोमॅटिकचे तेल चालते" असे म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये ही गाडी गेली असेल तर ती घेऊ नका.

डीसीटी: दोन क्लच असतात. एकावर १, ३, ५, ७ हे गिअर आणि दुसऱ्यावर सम गिअर. एक चालू असताना पुढचा आधीच तयार असतो, म्हणून बदल क्षणात होतो. फोक्सवॅगन त्याला डीएसजी म्हणते. ह्युंदाई व्हेन्यूमध्ये २०१९ पासून सात गिअरचा डीसीटी मिळाला. क्लच कोरडे असतील तर कोंडीत ते तापतात, कारण मुंगीच्या पावलाने सरकताना ते सतत अर्धवट पकडीत असतात. म्हणजे पुन्हा आपले 'हाफ क्लच'चे गणित. तेलात बुडालेले क्लच उष्णता बरी सोसतात. या चारांत कसबी माणूस आणि सुटे भाग मिळायला सर्वांत अवघड हाच प्रकार आहे.

आणखी एक फसगत टाळा. आयएमटी नावाच्या गाड्यांत क्लचचे पेडल नसते, पण गिअर हातानेच बदलावा लागतो. ती ऑटोमॅटिक नव्हे. जाहिरातीतल्या फोटोत दोनच पेडल दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, लिव्हरचाही फोटो मागवा.

४. एक अनुभव

सिद्धांत माहीत असणे आणि तो वेळेवर आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचा डावा गुडघा दुखू लागला. क्लच दाबताना त्यांना कळ यायची. त्यांच्यासाठी मी जुनी एएमटी गाडी पाहिली. रंग छान, टायर नवे, जेमतेम २८,००० किलोमीटर चाललेली. विक्रेत्याने सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणली आणि मी समाधानाने मान डोलावली.

पहिल्याच महिन्यात घाटात वाहतूक अडली आणि गाडी निघताना थरथरू लागली. करपल्याचा वास आला. गॅरेजमध्ये क्लच उघडला तर प्लेट काळी पडलेली. मग चौकशी केली. आधीचा मालक तळघरात पार्किंग असलेल्या इमारतीत राहायचा. रोज तीव्र चढावर, पुढच्या गाडीची वाट पाहत, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय. अनेक एएमटी गाड्यांत असे केले की संगणक बिचारा क्लच अर्धवट पकडून ठेवतो. ३,४०० वॅटचे गणित मी वर्गात वर्षानुवर्षे मांडत होतो, पण गाडी घेताना ती चढावर नेऊन पाहिली नव्हती. खर्च मी केला. मात्र वडिलांना ती गोष्ट अशी लागली की "माझ्यासाठी उगाच भुर्दंड" असे ते बरेच दिवस म्हणत राहिले. मला पैशांपेक्षा त्याचे वाईट वाटले.

निवड मात्र चुकीची नव्हती. त्यांच्या गुडघ्याला ऑटोमॅटिकच हवी होती. चुकली ती तपासणी.

५. जोखमीचा हिशेब

आता एक उदाहरण सोडवू. यातले सगळे आकडे हिशेबासाठी मानलेले आहेत. तुमच्या शहरातल्या दोन गॅरेजमध्ये विचारून खरे आकडे घाला.

एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या आहेत. मॅन्युअल ४,००,००० रुपये, टॉर्क कन्व्हर्टर ४,५०,००० रुपये. पाच वर्षे वापरायची आहे.

मॅन्युअल: क्लचचा संच १२,००० रुपये, लागण्याची शक्यता ८० टक्के, म्हणजे अपेक्षित खर्च ९,६००. गिअरबॉक्सचा मोठा बिघाड ३०,००० रुपये, शक्यता ५ टक्के, म्हणजे १,५००. एकूण ११,१००.

ऑटोमॅटिक: तेल दोनदा बदलणे १६,००० रुपये, हे नक्की. मोठा बिघाड १,२०,००० रुपये, शक्यता १० टक्के, म्हणजे १२,०००. एकूण २८,०००.

देखभालीतला फरक १६,९००. खरेदीत ५०,००० जास्त गेले, पण पाच वर्षांनी विकताना त्यातले २५,००० परत मिळाले असे धरू. एकूण फरक ४१,९००. महिन्याला सुमारे ७०० रुपये. रोज दोन तास कोंडीत काढणाऱ्या माणसाला महिन्याला ७०० रुपयांत डाव्या पायाची सुटका महाग वाटणार नाही.

आता समजा, त्या ऑटोमॅटिकची सर्व्हिसची कागदपत्रे नाहीत आणि म्हणून मोठ्या बिघाडाची शक्यता तुम्ही ३० टक्के धरली. अपेक्षित खर्च ३६,००० होतो आणि महिन्याचा फरक सुमारे १,१०० वर जातो. तरीही आकडा फार भयंकर दिसत नाही, नाही का?

इथेच सरासरी फसवते. १,१०० रुपये महिना असा खर्च प्रत्यक्षात कोणालाच येत नाही. दहांपैकी सात जणांना मोठा खर्च येतच नाही आणि तिघांना एका दिवशी १,२०,००० रुपयांचे बिल हातात पडते. ज्या घरात तेवढी रक्कम बाजूला आहे त्या घराला सरासरी पाहून ठरवता येईल. ज्या घराने ४,५०,००० गोळा करतानाच शेवटची ठेव मोडली, त्या घराची गाडी त्या दिवशी दारात उभी राहते. संख्याशास्त्राच्या तासाला शिकलेला माध्य आणि विचलन यांचा फरक तो हाच.

म्हणून माझा नियम असा: सर्वांत मोठ्या एका दुरुस्तीइतके पैसे गाडी घेतल्यानंतर हातात उरत नसतील, तर कागदपत्रे नसलेली ऑटोमॅटिक घेऊ नये.

६. गाडी चालवून बघताना

गाडी थंड असताना बघायला जा. बॉनेटला हात लावून पाहा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी बरेच दोष लपवते. किमान अर्धा तास चालवा आणि त्यात एक खरा चढ असू द्या.

मॅन्युअलसाठी:
• पेडल कुठे पकडते ते पाहा. अगदी वर आल्यावर पकडत असेल तर प्लेट झिजलेली असण्याची शक्यता आहे.
• मोकळ्या रस्त्यावर ताशी ४५-५० च्या वेगाने चौथ्या किंवा पाचव्या गिअरवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेऱ्या वाढल्या पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे.
• तिसऱ्यावरून दुसऱ्यावर या. खरखर झाली तर सिंक्रोनायझर झिजला आहे.
• न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर आवाज आला तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्या. सोडल्यावर आवाज येऊन दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर.
• उतारावर गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडा. गिअर आपोआप न्यूट्रलला येत असेल तर गाडी सोडून द्या.

ऑटोमॅटिकसाठी:
• ब्रेक दाबून 'एन'वरून 'डी' आणि 'एन'वरून 'आर' करा. पकड बसायला दोन-तीन सेकंद लागणे किंवा धक्का बसणे हे वाईट लक्षण.
• हळू वेगात, कोंडीसारखे थांबत-निघत दहा मिनिटे चालवा. थरथर जाणवते का ते पाहा. एएमटी आणि डीसीटीमध्ये ही चाचणी सर्वांत महत्त्वाची.
• चढावर थांबून पुढे निघा. मग मागे घेऊनही चढवा.
• ताशी ६०च्या आसपास ॲक्सिलरेटर झटक्यात दाबा. खालचा गिअर अडखळत पडतो की सहज? एएमटीमध्ये थोडा झोका येणे स्वाभाविक आहे, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये नाही.
• तेल तपासता येत असेल तर पाहा. करपलेला वास आणि काळसर रंग म्हणजे दुर्लक्ष. दुधासारखा रंग म्हणजे आत पाणी गेले आहे. चेन्नईत २०१५ साली जसा पूर आला तसा कुठेही आला की बुडालेल्या गाड्या पुसून-पुसून दुसऱ्या राज्यांत विकायला जातात, हे ध्यानात ठेवा.
• स्कॅनर लावून घ्या. मात्र ट्रान्समिशनच्या संगणकाशी बोलणारा स्कॅनर हवा. स्वस्तातले अनेक स्कॅनर इंजिनापुरतेच वाचतात. पी०७०० हा कोड दिसला तर ट्रान्समिशनमध्ये दोष नोंदला गेला आहे. कोड नुकतेच पुसलेले असू शकतात, म्हणून चालवून आल्यावर पुन्हा वाचा.

कागदांमध्ये आरसी आणि विमा सगळेच पाहतात. तुम्ही सर्व्हिसच्या नोंदी मागा आणि त्यात गिअरबॉक्सचे तेल कधी व कोणते घातले ती ओळ शोधा. "हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही" असे कोणी म्हणाले तर विचारा, कोणाच्या आयुष्यभर? पहिल्या मालकाच्या की गाडीच्या? खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. दहा वर्षांची गाडी घेणाऱ्याला उरलेली पाचही मोजायची असतात.

७. मग कोणती घ्यावी?

मायलेजवरून ठरवू नका. एएमटीचे मायलेज मॅन्युअलच्या जवळपास असते. जुन्या चार गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरचे बहुधा कमी. पण सरसकट नियम चालत नाही. २०२० च्या पेट्रोल व्हिटारा ब्रेझाचे कंपनीने दिलेले मायलेज ऑटोमॅटिकचेच जास्त होते, कारण तिच्यात स्मार्ट हायब्रिड यंत्रणा होती आणि मॅन्युअलमध्ये नव्हती. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा पाहा.

परवान्याचीही अडचण नाही. आपल्याकडे हलक्या मोटारीच्या परवान्यात मॅन्युअल-ऑटोमॅटिक असा भेद नाही. पण घरात कोण कोण चालवणार हे बघा. फक्त ऑटोमॅटिकवर शिकलेल्या माणसाला अडीअडचणीला मित्राची मॅन्युअल गाडी नेता येत नाही.

घराची परिस्थिती लहान शहर किंवा गाव, महामार्गावरचा वापर, हातात बेताचे पैसे अशी असेल तर मॅन्युअल. जवळ स्कॅनर असलेले गॅरेज नसेल तरीही मॅन्युअल.

महानगरात रोजची कोंडी, कागदपत्रे पूर्ण आणि थोडे पैसे राखून ठेवलेले, असे असेल तर टॉर्क कन्व्हर्टर. तेलाच्या नोंदी असतील तर सीव्हीटीही चांगली.

बजेट कमी, पण गुडघा, कंबर किंवा वय यांमुळे क्लच नकोच, तर एएमटी. चढावर तपासून आणि क्लचचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. चालवताना चढावर ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा, ॲक्सिलरेटरवर धरू नका.

डीसीटी हवीच असेल तर कंपनीची वाढीव वॉरंटी शिल्लक असलेली आणि ती नव्या मालकाच्या नावावर होणारी गाडी शोधा. वॉरंटी संपलेली, कोंडीत वापरलेली कोरड्या क्लचची गाडी विद्यार्थ्याच्या घराने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सारांश

मॅन्युअलची झीज दिसते, ऐकू येते आणि थोड्या-थोड्या खर्चात भागते. ऑटोमॅटिकची झीज बरीचशी लपलेली असते आणि बिल एकदम येते. एएमटी या दोहोंच्या मध्ये आहे: झीज मॅन्युअलची, लपणे ऑटोमॅटिकचे. ऑटोमॅटिकचा आराम खरा आहे आणि कित्येकांसाठी ती गरजच आहे. तेव्हा प्रकार ओळखा, तपासून घ्या आणि सर्वांत मोठे बिल झेपेल एवढे पैसे हातात ठेवा. यातले एकही करता येत नसेल तर मॅन्युअल घ्या. घेताना कोणी नाके मुरडली, तरी पाच वर्षांनी तोच निर्णय शहाणपणाचा ठरण्याची शक्यता जास्त आहे.

स्वाध्याय

१. गाडीचे वजन १,३०० किलो आणि एकूण गुणोत्तर १४ असेल, बाकी आकडे वरचेच असतील, तर एकदा निघताना क्लचमध्ये किती उष्णता निर्माण होईल?
२. दहास एक चढावर १,००० फेऱ्यांवर हाफ क्लच धरला तर वरच्या उदाहरणातल्या ३,४०० वॅटऐवजी किती वॅट येतील? उत्तरावरून चालकाला काय सल्ला द्याल?
३. कलम ५ मधला हिशेब तुमच्या गावातल्या गॅरेजमधून मिळालेल्या दरांनी पुन्हा करा. कोणत्या आकड्याने निर्णय सर्वांत जास्त बदलतो?
४. घरच्या किंवा शेजारच्या एका ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर आणि माहितीपुस्तिका पाहून तिचा प्रकार ओळखा. कशावरून ओळखला ते चार ओळींत लिहा.